लाकडी अक्षरांची पाठशाळा

वाचकहो, साठ दिवसांत अकरा निरक्षर स्त्रियांना स्वतःची स्वाक्षरी शिकवीन, आणि तीही फळा, खडू व पुस्तक यांपैकी एकाही वस्तूला स्पर्श न करता, अशी प्रतिज्ञा मी १९७९ सालच्या स्वातंत्र्यदिनी, नाशिक मुक्कामी, माझ्या राहत्या घरी, जिलेबी खाताना केली. त्या प्रतिज्ञेतला शब्द न् शब्द मी खरा करून दाखवला. तरीही त्या विषयाचे नुसते नाव निघाले की माझी धर्मपत्नी सिंधू पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात जाते, आणि तिचे बंधू गोविंदराव तर तोंडही झाकत नाहीत!

म्हणून जे घडले ते क्रमवार निवेदन करणे मला भाग आहे.

प्रथम अल्प परिचय. मी वाल्मीक गांगुर्डे, व्यवसायाने कंपोझिटर. श्रीगोदा मुद्रणालयात बावीस वर्षे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवीत आहे. शिक्षण इयत्ता नववी. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हा तपशील येथे गौण आहे. परंतु लग्नपत्रिका, शोकसंदेश आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही माझी तीन विद्यापीठे होत. ‘किंबहुना’, ‘सदरहू’, ‘व्यथित अंतःकरणाने’ असे शब्द माझ्या बोटांतून इतक्या वेळा गेले आहेत की आता ते तोंडातूनही आपोआप बाहेर पडतात. बाजारात मी कोथिंबिरीची जुडी मागितली तरी भाजीवाली हात थांबवून विचारते, “कोण गेलं हो?”

माझ्या नजरेविषयीही दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. एकदा केशकर्तनालयात बसलो असता समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरची पाटी मला दिसली. “दाढी चालू असता हलू नये,” असे मी मोठ्याने वाचले. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. “वाल्मीकराव, आरशातलं इतकं भराभर वाचता तुम्ही?” मला त्याच्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटले. मनुष्याच्या तोंडाला साबण लावलेला असताना असे प्रश्न विचारू नयेत, एवढेच मी मनात म्हणालो.

तर जिलेबी. गोविंदराव हे प्राथमिक शिक्षक, डी.एड. झालेले. ही पदवी ते खिशाला पेन लावावे तशी प्रत्येक वाक्याला लावतात. त्या दिवशी ते सांगू लागले की पेठ रोडच्या नाक्यापलीकडल्या वस्तीत अकरा बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला आहे आणि तिथे शिकवायला कोणी टिकत नाही.

“का बरे टिकत नाही?” मी विचारले.

“पेठ-सुरगाण्याची माणसं, दाजी. बांधकामावर आलेली. आपसात त्यांची डोंगराकडची बोली बोलतात. आपलं त्यांना कळत नाही, त्यांचं आपल्याला कळत नाही. दोन मास्तर पळाले! त्यात फळा नाही.”

“फळा का नाही?”

“मंजूर झालाय. आलेला नाही.”

“मी शिकवीन!” मी म्हणालो.

गोविंदरावांच्या हातातली जिलेबी बशीत पडली. “तुम्ही? दाजी, तुम्ही नववी नापास!”

“तो तपशील गौण आहे,” मी म्हणालो, आणि वर सांगितलेली प्रतिज्ञा केली. सिंधू फक्त एवढेच म्हणाली, “अहो, पाक सांडतोय सदऱ्यावर.”

आमच्या मुद्रणालयाचे मालक शामसुंदर अण्णा. भित्तिपत्रकांसाठी वापरावयाची मोठी लाकडी अक्षरे, म्हणजे चार-चार बोटे उंचीचे सागवानी खिळे, आमच्याकडे एका खोक्यात धूळ खात होते. मी मागितले.

“ने बाबा,” अण्णा म्हणाले. “झिजलेत मेले. पण हरवू नकोस.”

झाले! फळ्याची गरज ती काय? हातात धरता येईल, बोट फिरवून पाहता येईल असे साक्षात लाकडी अक्षर! डी.एड.वाल्यांना हे सुचले असते काय?

वस्ती म्हणजे पत्र्याची तीस-चाळीस घरे. मध्ये एक मोकळी जागा, तिथे गोणपाटावर अकरा जणी पाट्या घेऊन बसलेल्या. साडेपाच वाजता, छापखाना सुटल्यावर, मी सायकल उभी करून घाम पुसला आणि उद्घाटनपर भाषण केले.

“भगिनींनो! अज्ञानाच्या निबिड अंधःकारातून ज्ञानाच्या उज्ज्वल प्रकाशाकडे आपणां सर्वांस घेऊन जाण्याचे जे पवित्र कार्य मी अल्पमतीने शिरावर घेतले आहे, त्यात आपण सक्रिय सहभागी व्हाल, अशी नम्र अपेक्षा व्यक्त करतो!”

पुढे बसलेल्या पिकल्या केसांच्या आक्काबाईंनी शेजारणीला कोपराने ढोसले. “काय सांगतो गं यो?”

“पाटी काढा सांगतो,” शेजारीण म्हणाली.

“येवढंच? मंग येवढा येळ काय करीत होता?”

ती शेजारीण म्हणजे चांगुणा भोये. चार वर्षे शहरात विटा वाहिल्यामुळे तिला आमची भाषा येत होती. त्या दिवसापासून मी बोलावे आणि तिने ते आक्काबाईंना सांगावे, असा परिपाठ पडला. माझ्या सव्वा मिनिटाच्या वाक्याचे ती तीन शब्द करी. आमच्या छापखान्यात अशी बाई असती तर कागदाची केवढी बचत झाली असती!

पहिला वर्ग सुटल्यावर सगळ्या गेल्या, चांगुणा मागे थांबली. कडेवर दीड वर्षांची मुलगी होती.

“गुरुजी, दोन महिन्यांत सही येईल का?”

‘गुरुजी’! बावीस वर्षांत मला कोणी ‘ओ खिळेवाले’ याच्या वर चढवले नव्हते. मी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“अवश्य! परंतु दोनच महिने का?”

“पंधरा आक्टोबरला इथं बालवाडी निघणार हाय. आदल्या दिवशी, चौदाला, बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या मालिनीताई येणार. वस्तीतलीच एक बाई मदतीला घेणार म्हणल्या. पण रोज हजेरीपटावर सही करावी लागंल. त्यांच्यासमोर सही जमली तर काम माझं. नाय जमली तर शहरातली बाई आणतील.” तिने मुलीचा झगा सारखा केला. “हिला कामावर नेते गुरुजी. बांबूला झोळी बांधते. परवा वरनं परात पडली. झोळीपासून हातभर. बालवाडीत लागले तर डोळ्यापुढं तरी राहील.”

वाचकहो, माझ्याजवळ अशा प्रसंगासाठी शोकसंदेशातली पुष्कळ वाक्ये होती. एकही आठवले नाही.

“येईल सही,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत लहान भाषण असावे.

आता माझी अध्यापनपद्धती. छापखान्यातले एक लोखंडी तबक मी सोबत नेत असे. तबकाच्या एका बाजूस मी बसे, समोरच्या बाजूस विद्यार्थिनी. मग मी आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे डावीकडून उजवीकडे एकेक खिळा मांडून एकीचे नाव जुळवी. ती समोरून ते नाव न्याहाळी, अक्षरांवरून बोट फिरवी आणि पाटीवर उतरवी. स्वहस्ते मी एकही अक्षर काढत नसे. कारण माझे हस्ताक्षर पाहूनच आमच्या मास्तरांनी मला नववीत मुद्रणव्यवसायाचा सल्ला दिला होता.

प्रगती विलक्षण! पंधरा दिवसांत पाट्यांवर रेखीव अक्षरे उमटू लागली. मी पाटी हाती घेई, नाव खाडखाड वाची आणि म्हणे, “उत्तम! कान्याला जरा डौल द्या!”

“काय सांगतो?”

“पाय लांब करा सांगतात.”

आक्काबाई बसल्या जागी स्वतःचे पाय लांब करीत, आणि मग वर्गात हशा पिके.

विसाव्या दिवशी चांगुणाने जरा संकोचून विचारले, “गुरुजी, आक्काबाईची नात दुसरीत हाय. ती म्हणते, आजी, तुझं सगळं उलटं हाय.”

मी उदास हसलो. “हल्लीच्या प्राथमिक शिक्षणाचा दर्जा कोणत्या थराला जाऊन पोहोचला आहे, याचे हे द्योतक होय!”

“काय सांगतो?”

“पोरीला काय कळतं सांगतात.”

दसरा आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते हे सर्वांस ठाऊक आहेच. वस्तीत घमेली, फावडी, कुदळी धुऊन मांडल्या गेल्या आणि प्रत्येकीने माझ्याकडे आपल्या नावाचे पहिले अक्षर एका दिवसापुरते मागितले. मला गहिवरून आले. अकरा खिळे अकरा घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात अण्णांनी केलेला ओरडा पंचवटीपर्यंत पोहोचला असावा.

“वाल्मीक! मोठा ‘आ’ कुठाय? कुस्त्यांच्या दंगलीचं पोस्टर आलंय. संध्याकाळी पाहिजे! त्यात ‘आखाडा’ आहे, ‘आयोजक’ आहे, ‘आगाऊ तिकीट’ आहे! नव्या संचात दोनच ‘आ’ आहेत!”

“तो सध्या पूजेस बसला आहे,” मी म्हणालो.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आणून दे.”

मी सायकल हाणली. आक्काबाईंच्या घरी फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, झेंडूच्या फुलात ‘आ’ विराजमान होता. अंगभर हळद, कपाळी कुंकू. माझ्या बावीस वर्षांच्या सेवेत कोणत्याही अक्षराची अशी बडदास्त मी पाहिली नव्हती.

“आक्काबाई, मालकांना हा ‘आ’ तातडीने हवा आहे.”

“माझा?”

“तत्त्वतः तो छापखान्याचा आहे.”

हे कळायला चांगुणाची गरज पडली नाही. आक्काबाई दारात आडव्या झाल्या. “माझ्या नावाचा पैला हाय तो! देवाजवळ बसवला. असा एकटा धाडायची नाय मी.”

“मग?”

“मी येते.”

आणि त्या आल्या! सायकलच्या मागल्या कॅरिअरवर, मांडीवर ‘आ’ पदरात गुंडाळून, आक्काबाई नाशिक शहरातून निघाल्या. रविवार कारंज्याच्या चौकात एका हवालदाराने मला थांबवले. “आजीच्या पदरात काय आहे?” मी खरे ते सांगितले, “अक्षर!” त्याने आम्हां दोघांकडे पाळीपाळीने पाहिले आणि जाऊ दिले. सरकारी नोकरीतला मनुष्य दुपारी फार चौकशी करत नाही.

छापखान्यात आक्काबाई यंत्रासमोर उकिडव्या बसल्या. अण्णांनी घाईत ‘आ’ बसवला. नीट पुसायचे राहून गेले. पहिली वीस पत्रके बाहेर आली ती पिवळी! ‘आखाडा’ शब्दावर लख्ख हळद आणि खाली दोन मल्लांचे फोटो.

“वाल्मीक!” अण्णा किंचाळले. “हे दंगलीचं पोस्टर आहे की यांचं एकमेकांशी लग्न लावलंय?”

इकडे आक्काबाईंनी एक पत्रक उचलले, जवळ धरले, लांब धरले, आणि मला बाजूला ओढले. “गुरुजी, यो माझा ‘आ’ नाय. यो तोंड फिरवून बसलाय.”

“कागदावर अक्षर अंमळ निराळे दिसते, आक्काबाई.”

“अंमळ नाय. पार पाठ दाखवतो.”

“काय म्हणतायत त्या?” अण्णांनी रागारागाने विचारले.

“छपाई आवडली म्हणतात,” मी सांगितले. चांगुणाच्या सहवासात थोडके भाषांतर मलाही साधू लागले होते. मी दुर्लक्ष केले ते केवळ आक्काबाईंकडे नव्हे. साक्षात दैवाने दुसऱ्यांदा दिलेल्या इशाऱ्याकडे केले!

आणि उजाडला चौदा ऑक्टोबर, रविवार. वस्तीत पताका लागल्या. मधोमध टेबल, त्यावर हजेरीपट, दौत आणि टाक. टाकाने केलेल्या सहीला वजन असते, असे मालिनीताईंचे मत होते. ताई स्वतः पांढऱ्या साडीत, शांत आणि नेमक्या बोलणाऱ्या. सही तपासायला त्यांनी जवळच्या शाळेतला एक शिक्षक बोलावला होता. तो कोण असावा? गोविंदराव! त्यांच्यामागून सिंधूही आली. हातात जिलेबीचा पुडा. “तुमचा सत्कार झाला तर असू द्या,” ती म्हणाली. “नाही झाला तर घरी खाऊ.”

चांगुणाने धुतलेले लुगडे नेसले होते. मुलीला तिने मांडीवर घेतले, टाक दौतीत बुडवला, हजेरीपटाच्या उजव्या टोकाला नेला आणि तेथून डावीकडे निघाली. एकेक अक्षर नक्षीसारखे. शेवटच्या अक्षरावर मात्रा देऊन तिने टाक खाली ठेवला आणि ताईंकडे पाहिले.

ताई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, “ही उर्दू आहे का?”

गोविंदराव वाकले. त्यांनी हजेरीपट आडवा केला, उभा केला. “दाजी, हे काय आहे?”

“स्वाक्षरी!” मी म्हणालो.

“कुणाची?”

“चांगुणा बहिरू भोये! स्वच्छ लिहिले आहे. कान्यांचा डौल तर पाहा!”

“तुम्हाला हे वाचता येतं?”

“म्हणजे? आपणांस येत नाही?” मी चकित झालो. “आपले तर डी.एड. झाले आहे!”

तेवढ्यात सिंधूने सर्वांच्या खांद्यांवरून डोकावून पाहिले. तिने जिलेबीचा पुडा माझ्या हाती दिला, समोरच्या घराच्या दाराशी टांगलेला हातभर आरसा काढून आणला आणि हजेरीपटापुढे उभा धरला. आरशात, कोणाही दुसरीतल्या पोराला वाचता येईल असे, लिहिलेले होते: चांगुणा बहिरू भोये.

वाचकहो, छापखान्यातला खिळा उलटा असतो. कचेरीतला रबरी शिक्का असतो तसाच. तो उलटा असतो म्हणून तर कागदावर सुलटा उमटतो! हे मला ठाऊक नव्हते काय? बावीस वर्षे दुसरे मी काय करत होतो? परंतु ज्या माणसाने उलटे अक्षर सुलट्याहून अधिक वाचले आहे, त्याला त्या दोहोंतला भेद ठाऊक असतो, दिसत मात्र नाही. मी साठ दिवस पाट्या तपासल्या आणि साठही दिवस मला सर्व काही यथास्थित दिसले! आरशाकडे पाहिले, हजेरीपटाकडे पाहिले, आणि माझ्या कपाळावर घामाचे थेंब एखाद्या लांबलचक वाक्यातल्या स्वल्पविरामांसारखे उभे राहिले.

गोविंदराव खाली बसले. उभे राहून हसणे त्यांना अशक्य झाले होते. “अकरा बायका!” ते पोट धरून म्हणाले. “दाजी, अकराच्या अकरा! अख्खी वस्ती आरशातली साक्षर केलीत!”

“मी सांगितलं होतं,” आक्काबाई म्हणाल्या. “तोंड फिरवून बसलाय.”

मालिनीताई मात्र हसल्या नाहीत, आणि त्यामुळे मला अधिक भीती वाटली. “चांगुणाबाई,” त्या म्हणाल्या, “अक्षर तुमचं सुरेख आहे. पण हजेरीपट दर महिन्याला कचेरीत जातो. सही वाचता आली पाहिजे. मी रोज आरसा पाठवू शकत नाही ना? बालवाडी उद्या सुरू होतेय. नाव आजच द्यायला हवं. नाहीतर त्या दुसऱ्या बाई...”

चांगुणाने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. त्या हाताला अजून शाई होती.

मी पुढे झालो. कोणी बोलावले नव्हते तरी झालो. “उपस्थित मान्यवर आणि भगिनींनो! आज व्यथित अंतःकरणाने मला कबूल करणे प्राप्त आहे की, सदरहू प्रमादास या निष्पाप स्त्रिया किंचितही जबाबदार नसून, ज्या अविचारी व अर्धशिक्षित मनुष्याने आपल्या व्यवसायातील अंगवळणी पडलेल्या रीतीचा अंमल विद्यादानासारख्या पवित्र क्षेत्रात...” येथे वाक्य मला सापडेनासे झाले.

“काय सांगतो?” आक्काबाईंनी विचारले.

या वेळी चांगुणाने आधी माझ्याकडे पाहिले.

“चुकलो सांगतात,” ती म्हणाली.

मग तिने आरसा सिंधूच्या हातातून घेतला, दौतीला टेकवून उभा केला आणि त्यात दिसणारी आपली सही नीट, वीट लावण्यापूर्वी ओळंबा पाहावा तशी, पाहून घेतली.

“ताई, ही आरशातली चालंल का?”

“ती चालेल. पण...”

“म्हणजे तोंड फिरवायचं, येवढंच ना?” तिने मुलीला उचलून माझ्या कडेवर दिले. “धरा गुरुजी.”

मुलीने मला निरखले आणि माझा चष्मा काढून घेतला. त्यामुळे पुढचे मला जरा धूसर दिसले. कारण चष्माच होता, दुसरे काही नाही. चांगुणाने पाटी ओढली. डावीकडून सुरुवात केली. ‘च’ अर्धा सुलटा, अर्धा उलटा आला. तिने पदराने पुसला. दुसरा ‘च’ आला, पण कान्याने हट्ट केला. पुसला. गोविंदरावांचे हसू केव्हा थांबले ते त्यांनाही कळले नसावे, ते पुढे वाकून पुटपुटत होते, “हां... आता गोल... खाली... अस्सं!” तिसऱ्यांदा संपूर्ण नाव आले. मग तिने हजेरीपट घेतला, टाक बुडवला आणि सावकाश, ओठ मुडपून, त्या उलट्या सहीच्या खालीच सुलटी सही केली.

ताईंनी आरशाकडे ढुंकूनही न पाहता ती वाचली. “चांगुणा बहिरू भोये. उद्या सकाळी आठ वाजता या. मुलीला घेऊन.”

मग जे झाले त्याला गर्दी हा शब्द अपुरा आहे! उरलेल्या जणींनी आरशासमोर रांग लावली. पाण्याच्या नळावर होत नाही अशी ढकलाढकली झाली. “सरक गं, माझं तोंड नाय, माझं नाव बघायचंय!” आक्काबाईंनी मात्र आरसा नाकारला. “मी छापखान्यात बघून आले,” असे सर्वांना बजावून त्यांनी पाटीवर सुलटा ‘आ’ काढला, इतका मोठा की पुढच्या अक्षरांना जागाच उरली नाही. ताईंनी तो मान्य केला. तासाभरात अकराही जणी सुलट्या झाल्या. प्रतिज्ञेचा साठावा दिवस होता. मावळायला अद्याप अवकाश होता.

येथे कथा संपती तर किती शोभून दिसले असते! परंतु मालिनीताईंनी पिशवीतून एक प्रशस्तिपत्र काढले. गुळगुळीत कागद, सोनेरी किनार, ‘श्री. वाल्मीक गांगुर्डे यांनी निरपेक्ष भावनेने’ वगैरे सुंदर मजकूर. “काहीही झालं तरी लिहायला यांनीच शिकवलं,” त्या म्हणाल्या. “गुरुजी, खाली तुमची स्वाक्षरी करा. शिक्षक म्हणून.”

सर्व वस्ती भोवती उभी. सिंधूने पदर सावरला. गोविंदराव पाहत होते. मी टाक उचलला आणि विचार केला. घात तेथेच झाला!

विचार असा: आज उघडकीस आले आहे की मला जे सुलटे वाटते ते उलटे असते. तेव्हा नेहमीच्या सवयीने सही करणे धोक्याचे. आता पावले सावधपणे टाकली पाहिजेत. हाताला जे स्वाभाविक वाटेल त्याच्या नेमके विरुद्ध करावे, म्हणजे बिनचूक येईल. वाचकहो, या तर्कात दोष कोठे आहे तो आजही मला चटकन सापडत नाही. मी टाक कागदाच्या उजव्या टोकाला नेला आणि अत्यंत काळजीपूर्वक, आयुष्यात प्रथमच वळणदार अक्षरात, माझे संपूर्ण नाव लिहिले.

ताईंनी कागद पाहिला. ओठ दाताखाली धरले. गोविंदरावांनी आरसा पुढे केला.

“विद्यार्थिनी अकरा, उत्तीर्ण अकरा,” ताई म्हणाल्या. “शिक्षक एक...” त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही, हे त्यांचे सौजन्य.

चांगुणाने माझ्या कडेवरून मुलगी घेतली, तिच्या मुठीतला चष्मा सोडवून माझ्या हाती दिला आणि पाटी माझ्यापुढे सरकवली. “घाबरू नका गुरुजी,” ती हळूच म्हणाली. “मला पण पैल्यांदा जमलं नव्हतं.”

प्रशस्तिपत्र एकच होते. ते बदलून मिळाले नाही. सिंधूने त्याला चौकट करवून घेतली आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या मोठ्या आरशासमोर टांगले. आरशात पाहिले की माझी स्वाक्षरी अगदी सुलटी दिसते. मात्र वरचा सगळा मजकूर उलटा दिसतो, असे येणारे-जाणारे म्हणतात. म्हणत असतील बापडे! मला तर दोन्ही सारखेच सुवाच्य वाटतात.